बुजलेल्या खाणीतील ऊब

मार्गशीर्ष-पौषातील कडाक्याच्या पहाटे जे विहिरीवर पाणी शेंदावयास गेले आहेत, त्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. पोहरा वर येतो तेव्हा पाण्यावर वाफ तरंगत असते, आणि गारठलेले हात त्यात बुडवले तर ते कोमट लागते. तेच पाणी वैशाखाच्या दुपारी जिवाला थंडावा देते. लहानपणी आपल्याला वाटे, विहीर मोठी शहाणी, ऋतू पाहून पाणी बदलते. वास्तविक विहीर काहीच बदलत नाही. बदलते ती वरची हवा. जमिनीच्या पोटात काही पुरुष खोल गेले की उन्हाळ्या-हिवाळ्याची ये-जा तेथवर पोहोचत नाही. तेथे बाराही महिने जवळजवळ एकच उष्णमान नांदते, आणि ते त्या गावच्या वर्षभराच्या हवेच्या सरासरीइतके असते. त्याहूनही पुष्कळ खोल उतरावे, तर पृथ्वीच्या अंतरंगातील उष्णता जाणवू लागते. सामान्यतः दर १०० मीटरला सुमारे ३ अंश, अशा हिशेबाने ती चढत जाते.

इतक्या साध्या गोष्टीच्या आधारावर एका नगरातील शेकडो घरे व कित्येक मोठ्या इमारती हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात शीतल राखल्या जात आहेत. त्या नगराचे नाव हेरलेन. हॉलंडचा नकाशा पुढे घेतला, तर दक्षिणेस बेल्जियम आणि जर्मनी यांच्यामध्ये शेपटासारखा शिरलेला लिंबुर्ग प्रांत दिसेल. त्याच्या टोकाशी हे गाव आहे. रोमन साम्राज्याच्या काळी त्याचे नाव कोरिओवालुम असे होते, आणि तेथील रोमनांच्या स्नानगृहाचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. दोन सहस्र वर्षांपूर्वी तेथे भट्टीची ऊन हवा फरशीखालून खेळवून दालने तापवीत असत. म्हणजे पायाखालून ऊब घेण्याची रीत या गावाला नवीन नाही, असे थट्टेने म्हणावयास हरकत नाही.

परंतु मधल्या काळात हेरलेनने ऊब घेतली ती कोळशापासून. ओरान्ये-नासाउ खाणीतून १८९९ साली कोळसा निघू लागला; १९०२ साली सरकारने आपल्या खाणी काढल्या; आणि पाहता पाहता शेतकऱ्यांचे ते शांत गाव काजळीने काळवंडून गेले. लिंबुर्गच्या शेतकऱ्यांची मुले तर खाणीत उतरलीच, शिवाय पोलंडहून, स्लोव्हेनियाहून, इटलीहून आणि पुढे मोरोक्कोहूनही माणसे आली. खाणवाल्यांची पालक संत बार्बरा. तिचा ४ डिसेंबरचा सण या माणसांना फार जवळचा होता, आणि तो का असावा हे रोज सकाळी पाळण्यात उभे राहून शेकडो मीटर अंधारात उतरणाऱ्याच्या बायकोला विचारावे. आपल्या वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते, की खाणवाल्यांच्या वस्तीचा प्रश्न ज्यांनी हाती घेतला त्यांत एक धर्मगुरू अग्रभागी होते. फादर हेन्रिकस पूल्स हे वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात शास्त्राचे अध्यापन करून स्वदेशी परतलेले पंडित. १९१० च्या सुमारास त्यांची नेमणूक या काळ्या मुलखातील कामगारांच्या सेवेसाठी झाली. पुस्तके मिटून ते घरांच्या मागे लागले. एकेका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांसाठी परसबागेसह घरे हवीत, हा त्यांचा हेका होता, आणि १९११ सालापासून सहकारी गृहसंस्थांच्या संघामार्फत तशी घरे उभी राहू लागली. यांतील पुष्कळांच्या चुलीत, अर्थात, खाणीचाच कोळसा जळे.

मग १९५९ साली देशाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेस ग्रोनिंगेन प्रांतात स्लोख्टेरेन या गावाजवळ, जमिनीखाली नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. पाठोपाठ देशभर वायूचे नळ पडले. काजळी नाही, राख नाही, कोळशाच्या पाट्या वाहणे नाही. नळ फिरवला की निळी ज्योत. गृहिणींनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, यात नवल नाही. १७ डिसेंबर १९६५ रोजी अर्थव्यवहारमंत्री योप डेन आउल हेरलेनच्या नाट्यगृहात उभे राहिले आणि त्यांनी सांगितले, की खाणी बंद होणार. पर्यायी काम दिल्यावाचून कुणाला घरी पाठवणार नाही, असे आश्वासनही त्यांनी दिले. गेलेनची मॉरिट्स खाण १९६७ साली मिटली. १९७४ च्या डिसेंबरअखेर ओरान्ये-नासाउचा शेवटचा पाळणा थांबला. सुमारे ४५,००० माणसांचे काम एका दशकात नाहीसे झाले.

आश्वासनापैकी काही पाळले गेले. सरकारी सांख्यिकी कार्यालयाची एक मोठी शाखा हेरलेनला हलवण्यात आली. सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनाचा निधीही तेथेच आणला. परंतु तीस वर्षे कुदळ चालवलेला माणूस आकडेमोडीच्या मेजावर जाऊन बसत नाही. अनेकांच्या छातीत कोळशाच्या वाटेवरील दगडाची धूळ बसली होती, तिने त्यांना घरी बसवले. पुढली दोन दशके या गावाने बेकारी पाहिली आणि तरुण मुले अफूच्या अर्काच्या आहारी गेलेलीही पाहिली. त्यातच, काळ्याचे हिरवे करावयाचे म्हणून, खाणींवरील मनोरे, धुराडी, कोळसा धुण्याचे कारखाने जमीनदोस्त करण्यात आले. १९७६ साली गावचे एक उंच धुराडे, ज्याला लोक लाडाने ‘लांब यान’ म्हणत, तेही पाडले. आपल्या बापाने आयुष्य जेथे घालवले त्याची एक वीटही दाखवता येऊ नये, हे दुःख फार ओळखीचे असेल त्यांना, ज्यांच्या गावची गिरणी बंद पडून तिच्या जागी काचेचे दुकान उभे राहिले आहे.

वर सारे पुसले गेले. खाली मात्र भुयारे होती तशीच राहिली. खाण चालू असते तेव्हा रात्रंदिवस पाणी उपसावे लागते. शेजारच्या जर्मन खाणींच्या रक्षणासाठी हा उपसा हॉलंडच्या बाजूने आणखी काही वर्षे चालू राहिला. नव्वदीच्या दशकात तोही थांबला, आणि मैलोगणती भुयारे हळूहळू पाण्याने भरू लागली. ते पाणी भूमीच्या उबेने तापत पडले. कोळसा होता तेव्हा जी उष्णता खाणवाल्याला घामाघूम करी, उघड्या अंगाने काम करावयास लावी, तीच ही उष्णता. तिचा कुणाला उपयोग सुचला नव्हता.

या शतकाच्या आरंभी हेरलेनच्या नगरपालिकेला तो सुचला. युरोपीय संघाचे साहाय्य मिळाले. खाणींचे जुने नकाशे बाहेर काढण्यात आले; कारण ७०० मीटर खाली काही मीटर रुंदीचे एखादे भुयार नेमके विंधावयाचे, म्हणजे गच्चीवरून दोरा सोडून तळमजल्यावरील सुईच्या नेढ्यात ओवण्यासारखेच. ज्यांनी ते नकाशे काढले त्यांनी कामगारांचे प्राण वाचावेत म्हणून काळजीने काढले होते, आणि ती काळजी नातवंडांच्या कामी आली. पाच विहिरी खोदल्या. खोलवरच्या विहिरींतून सुमारे २८ अंशांचे पाणी येते. सुमारे २५० मीटरवरील उथळ विहिरींतून १६ अंशांचे. २००८ साली हे पाणी प्रथम इमारतींच्या सेवेत रुजू झाले.

येथे कुणी म्हणेल, २८ अंश म्हणजे काय, आंघोळीलाही ते पाणी गार. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच उभे आहे. शीतकपाट, म्हणजे फ्रीज, काय करतो? आत ठेवलेल्या दुधाची उष्णता शोषून घेतो आणि पाठीमागच्या जाळीतून बाहेर टाकतो. म्हणून त्याच्या पाठीला हात लावला तर चटका नसला तरी ऊब लागते. उष्णता स्वभावतः उताराने वाहते, जास्तीकडून कमीकडे; फ्रीज तिला विजेच्या बळावर चढणीने वर नेतो. हेच यंत्र मोठे करून त्याच्या गार बाजूला खाणीचे पाणी आणि ऊन बाजूला घराचे नळ जोडले, की त्याला उष्णतापंप म्हणतात. तो उष्णता उत्पन्न करत नाही, फक्त वाहून नेतो. म्हणून विजेचा एक भाग खर्चून उष्णतेचे चार-पाच भाग पदरात पडतात. जितकी चढण कमी तितका वीजखर्च कमी; आणि उणे दोन अंशांच्या हवेतून उष्णता वर चढवण्यापेक्षा २८ अंशांच्या पाण्यातून चढवणे किती सुकर, हे सांगावयास नको. घरातील व्यवस्थाही त्याला अनुरूप हवी. भिंतीला टांगलेली कढत लोखंडी झडपे नकोत, फरशीखालून नागमोडी नळ फिरवावेत, आणि घराच्या फटी नीट बुजवाव्यात. उन्हाळ्यात तर पुष्कळदा पंपाचीही गरज पडत नाही. थंड विहिरीचे पाणी जवळून फिरवले की खोली निवते.

खाणीचे पाणी स्वतः मात्र घरात येत नाही. ते खारे आणि क्षारयुक्त असते, नळ कुजवून टाकील. एका पातळ धातूच्या पत्र्याआडून ते आपली ऊब घराच्या स्वच्छ पाण्याला देते आणि परत खाणीत जाते. एक थेंबही खर्ची पडत नाही.

आता या योजनेत एक चूक होती, आणि ती ज्यांनी केली त्यांनीच ओळखली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. पहिल्या आराखड्यात खाणीकडे जुन्याच दृष्टीने पाहिले गेले होते. खाण म्हटली की उपसा. एका बाजूने ऊन पाणी उपसावे, दुसरीकडून गार उपसावे, वापरलेले कोमट पाणी मधल्या थरात सोडून द्यावे. या रीतीने वर्षानुवर्षे उपसा चालला तर ऊन भुयारे निवत जाणार आणि गार भुयारे तापत जाणार, हे उघड होते. कोळसा जसा संपला असता तशी उष्णताही संपली असती, थोडी सावकाश इतकेच. म्हणून २०१३ पासून मांडणीच पालटली. खाण ही खाण न राहता पेव झाली.

पेव हा शब्द आता शहरातील मुलांना कळेनासा झाला आहे. सुगीला धान्य जमिनीतील पेवात भरावे, गवताने-मातीने तोंड लिंपावे, आणि लागेल तेव्हा उकरून काढावे, अशी आपली देशावरची रीत होती. हेरलेनची भुयारे आता असेच काम करतात. उन्हाळ्यात कार्यालये निववताना जी उष्णता त्यांच्यातून काढून घेतली जाते ती वाऱ्यावर उधळली जात नाही. ती ऊन पाण्याच्या भुयारात जाऊन पडते. हिवाळ्यात घरे तापवताना जे पाणी थंडावते ते गार भुयारात जाते. पुढल्या ऋतूला एकाची उलाढाल दुसऱ्याच्या कामी येते.

त्याहूनही पुढची गोष्ट अशी, की पेवापर्यंत जाण्याचीच वेळ कित्येकदा येत नाही. रस्त्याखालून दोन नळ जातात, एक ऊन पाण्याचा, एक गार पाण्याचा. आणि प्रत्येक इमारत एकातून घेते व दुसऱ्यात सोडते. जी घरे तापवावयाची ती ऊन नळातून घेऊन गारात सोडतात, ज्यांना थंडावा हवा ते उलट करतात. निवृत्तिवेतन-निधीच्या संगणकांचे दालन, ज्याला डेटा सेंटर म्हणतात, ते तर भर हिमवर्षावातही धापा टाकत असते; त्याला बारा महिने थंडावा लागतो. त्याने टाकून दिलेली उष्णता शेजारी घेतो. एकाला नकोशी झालेली वस्तू दुसऱ्याची गरज ठरते. घरोघरी स्वतंत्र यंत्र बसवले असते तर याने उष्णता गच्चीवरून हवेत फेकली असती आणि त्याने विजेचे बिल भरून तीच हवेतून गोळा केली असती. जाळे विणण्याचा सारा लाभ या शेजारात आहे. आणि म्हणून ही योजना एकट्यादुकट्याच्या बंगल्यापेक्षा दाटीच्या नगरात, जेथे कचेरी, शाळा, दुकान आणि घर एकमेकांना खेटून आहेत तेथे, अधिक शोभते.

ज्या गावाच्या पोटात खाण नाही त्याने काय करावे? त्याने जमिनीत विंधणे घ्यावीत. अमेरिकेत मॅसाच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम गावी जून २०२४ मध्ये असे एक जाळे सुरू झाले. तेथे सुमारे मैलभर नळांच्या वेटोळ्याने ३६ इमारती जोडल्या आहेत, आणि सहाशे-सातशे फूट खोल विंधणांतून नळ खाली नेऊन भूमीची ऊब वर आणली आहे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की ते एका वायुपुरवठा कंपनीने घातले आहे. नळ पुरण्याचे कसब तेच, रस्ता खणण्याचा परवाना तोच, फक्त नळातून ज्वालाग्राही वायूऐवजी पाणी वाहते. याच राज्यात २०१८ साली वायूच्या नळांतील दाब अकस्मात वाढून तीन गावांत घरांचे स्फोट झाले होते व आगी लागल्या होत्या. पाण्याचा नळ फुटला तर फार तर रस्ता भिजतो. इंग्लंडमध्येही गेट्सहेड येथे जुन्या कोळसाखाणींतील पाण्यावर चालणारे जाळे २०२३ मध्ये सुरू झाले.

आपल्याकडील वाचक विचारतील, इंदूर-हैदराबादेला हे का होऊ नये? वर सांगितलेच आहे की उथळ जमिनीचे उष्णमान गावच्या वार्षिक सरासरीइतके असते. थंड देशात ते दहा-बारा अंश भरते, आपल्या पठारावर पंचविसाच्या आसपास. शिवाय आपल्याला हवा तो बहुतांशी थंडावाच. पेवात नुसते भरतच राहिले आणि काढणारा कुणी नसला, तर पेव तुंबते. जमीन वर्षागणिक तापत जाईल. तेव्हा जशीच्या तशी नक्कल येथे चालणार नाही. पंपाच्या पाठीची टाकाऊ ऊब रुग्णालयाच्या किंवा वसतिगृहाच्या आंघोळीच्या पाण्याला द्यावी, एवढे शेजारधर्माचे अंग मात्र कोणत्याही हवामानात लागू पडेल.

हेरलेनमध्ये सारे गोडीगुलाबीचे आहे असेही समजू नये. जमिनीतील पाण्याला कुणी दाम देत नाही, परंतु विहिरी, नळ, पंप आणि ते राखणारी माणसे यांना भरपूर दाम लागतो, आणि तो आरंभीच ओतावा लागतो. दुसरे, एकदा या जाळ्याला जोडून घेतले की दुसऱ्या दुकानी जाण्याची सोय राहत नाही. उष्णता विकणारा एकच. म्हणून डच सरकारने २०१४ पासून कायद्याने दराला कमाल मर्यादा घातली. पण ती मर्यादा बांधली कशाशी, तर वायूच्या भावाशी! वायूवर घर तापवणाऱ्याला जेवढा खर्च येतो त्याहून अधिक घेऊ नये, असा तो हेतू. आणि एरवी तो न्याय्यच. परंतु २०२२ साली युक्रेनच्या युद्धाने वायूचे भाव गगनाला भिडले, तेव्हा ही मर्यादाही पाठोपाठ चढली. ज्याच्या घरात वायूची नळी उरली नाही अशा माणसाच्या हाती वायूच्या भावाने दरपत्रक पडावे, यावर त्या देशात पुष्कळ रोष झाला. आणि माझ्या मते तो योग्यच होता.

आणि ज्या वायूने खाणी मिटवल्या त्याचे काय झाले? ग्रोनिंगेनमध्ये वायू उपसता उपसता जमीन खचू लागली, भूकंपाचे धक्के बसू लागले. ऑगस्ट २०१२ मध्ये हाउझिंगे येथे ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. हजारो घरांच्या भिंती तडकल्या. शेवटी १ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथील उपसा थांबवण्यात आला, आणि पुढच्या वर्षी कायद्यानेच ते क्षेत्र कायमचे मिटले. जुलै २०१८ पासून तर हॉलंडमध्ये नव्या घराला वायूची जोडणी साधारणतः दिलीच जात नाही. दक्षिणेचा कोळसा उत्तरेच्या वायूने घालवला, उत्तरेचा वायू भूकंपाने. हा सारा प्रकार एका माणसाच्या आयुष्यात घडला. हेरलेनचीही भूमी सर्वस्वी निवांत आहे असे नाही. २०११ च्या डिसेंबरात गावातील एका व्यापारसंकुलाखालची जमीन खचली, इमारतीचा एक भाग पाडावा लागला, आणि कारण म्हणून बोट जुन्या खाणकामाकडेच गेले.

ओरान्ये-नासाउच्या पहिल्या खाणीचा एक मनोरा तेवढा पाडावयाचा राहून गेला. त्याच खाणीच्या आवारात सांख्यिकी कार्यालयाची नवी इमारत २००९ पासून उभी आहे. खाणवाल्यांना बदली काम म्हणून जे कार्यालय गावात आणले गेले, तेच हे. जानेवारीत बाहेर बर्फ पडत असते, आत कारकून देशाचे आकडे मांडत बसलेले असतात, आणि त्यांच्या दालनांना ऊब मिळते ती त्यांतील काहींचे आजोबा ज्या भुयारांत वाकून काम करीत होते तेथील पाण्याची.